शाडूची बुचं

गाडीच्या चाकात नट जिथे बसतो तिथे रंग द्यायचा नसतो. मी दिला. तोही कुणा परक्याच्या गाडीला नाही, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीला.

ज्यांनी कधी चाक काढलेलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की नटांच्या भोकांना आतून उतार असतो, छोट्या वाटीसारखा. नटाचं निमुळतं तोंड त्या वाटीत जाऊन बसतं आणि धातू धातूला आवळून धरतो. मध्ये रंगाचा थर आला तर पाना फिरवताना काही कळत नाही. नट घट्ट लागतो, आपण खूश होतो, पण तो बसलेला असतो रंगावर. गाडी पळायला लागली की तो थर चिरडतो, त्याची पापडी सुटते, आणि जेवढी पापडी सुटते तेवढा नट ढिला होतो. पुढचं सांगत नाही.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर मी हे लिहिलंच नसतं. मला ते पाठ होतं.

माझी शेड पेण सोडून वडखळकडे जाताना हायवेच्या कडेला आहे. गाड्यांची अलॉय चाकं मी नवी करून देतो. हा धंदा मला हायवेनं दिला असं मी लोकांना सांगतो, आणि ते अगदीच खोटं नाही. खड्ड्यात आपटून कडा खरवडलेली चाकं रोज माझ्या दारावरून जातात. पण खरं कारण वेगळं आहे. आमचं घर हमरापूरकडचं, गणपतीच्या कारखान्यातलं. घरात सगळ्यांना आखणी येते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढता येतात. मला येत नाही. हात कापतो म्हणून नाही. मला एका जागी बसवत नाही म्हणून. डावा डोळा काढून झाला की मी उठून पाणी पिऊन यायचो, आणि परत येऊन काढलेला उजवा डोळा दुसऱ्याच कुणाकडे बघत असायचा. वडिलांनी दोन मोसम सोसलं आणि माझ्या हातात स्प्रेची गन दिली. अंगाचा रंग मार, म्हणाले, तो उभ्यानं मारता येतो. तेव्हापासून उभ्यानं करायची कामं शोधत शोधत मी चाकांपर्यंत आलो.

पावडर कोटिंग उभ्यानंच करतात. चाकाचा जुना रंग उतरवायचा, वाळूच्या माऱ्यानं ते घासून पांढरं करायचं, आकड्याला टांगायचं आणि विजेच्या गननं त्यावर कोरडी रंगीत पावडर मारायची. पिठात घोळलेल्या बोंबलासारखी ती सगळीकडून चिकटते. मग चाक भट्टीत घालायचं. तिथे पावडर वितळते आणि अशी ताणून बसते की पुढे दगड लागला तरी टवका उडणं अवघड. चाक भट्टीत असतं तेवढा वेळ मी शेडभर फेऱ्या मारतो. शेजारी टायरचं दुकान चालवणारे चाचा म्हणतात, या माणसाला जमिनीचं कोटिंग करून द्या, एवढी झिजवली हाय.

आता भावोजी. ते रोह्याला राहतात आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी खात्यात आहेत. कंपनीतून सुटले तरी सेफ्टी त्यांना सुटत नाही. त्यांच्या घरी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. ते पहिल्यांदा माझ्या शेडवर आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे ते विचारलं. सिलिंडर होता. मी त्यावर टॉवेल वाळत घातला होता. त्यांनी टॉवेल काढला, घडी घातली, माझ्या हातात दिला आणि एक शब्द बोलले नाहीत. शब्द बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं.

त्यांच्या धाकट्या भावाचा साखरपुडा पुण्यात ठरला. रोह्याहून गाडीनं ताम्हिणी घाट चढून जायचं होतं. भावोजी, माझी ताई, तिची सासू आणि माझी भाची. गाडी वापरलेली घेतलेली, इंजिन ठणठणीत, पण खारी हवा आणि कंपन्यांचा धूर खाऊन चाकांना पांढरे फोड आलेले. व्याह्यांच्या दारात असली चाकं बरी दिसणार नाहीत, आपल्या दादूसकडून काळीभोर करून घ्या, असा ताईनं लकडा लावला. मी तिच्यापेक्षा धाकटा, तरी कौतुकाची वेळ आली की ती मला दादूस म्हणते. भावोजींच्या मनात नव्हतं. तरीही ते गाडी घेऊन आले, चाकं उतरवायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "नटाच्या जागेला रंग लागत नाही ना?"

नेमकं हेच विचारलं. शंभर प्रश्न विचारता आले असते.

मी हसलो. म्हणालो, भावोजी, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. गाडी चाकांशिवाय लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी राहिली, ते एसटीनं रोह्याला गेले, आणि मी कामाला लागलो.

रंग लागू नये म्हणून त्या भोकांत रबरी बुचं बसवतात, उष्णता सोसणारी. माझ्याकडे ती होती, पण या चाकाच्या मापाची नव्हती. जी होती ती आत घरंगळून जात होती. मापाची मागवायची तर तीन-चार दिवस, आणि तीन-चार दिवस थांबणं माझ्या अंगात नाही. मी शेडभर फिरलो. फिरता फिरता कोपऱ्यातल्या पोत्याला पाय लागला. पोत्यात शाडू होता, घरून आणलेला, भट्टीच्या दाराच्या फटी लिंपायला. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. माती आगीला भीत नाही. माती हव्या त्या मापाची होते. माझे हात जन्मापासून मातीत. मी शाडू मळला आणि सोळा बुचं वळली, बोटाच्या पेराएवढी, खाली निमुळती. खरं सांगतो, इतकी सुबक झाली होती की मी त्यांचा फोटो काढला. लोकांना जे बाहेरून मागवावं लागतं ते पेणचा माणूस पोत्यातून काढतो, असं काहीतरी मनात म्हणालोसुद्धा.

ओतीव चाकाला पावडर मारायच्या आधी ते एकदा नुसतंच तापवून घ्यावं लागतं. धातूच्या बारीक छिद्रांत हवा अडकलेली असते, ती आधी बाहेर काढली नाही तर पुढे रंगाला फोड येतात. मी बुचं बसवली आणि चाकं तापवायला घातली. हा क्रम ज्यानं लहानपणी एकदा तरी ओली मूर्ती उन्हात ठेवून ठोसे खाल्लेत, त्याला सुचायला नको होता. ओला शाडू वाळताना आक्रसतो. आमच्या घरातल्या मांजरालाही हे माहीत आहे. भट्टीत सोळातली अकरा बुचं आक्रसली आणि चाकांतून सुटून खाली पडली. मी बघितलं नाही. चाकं गार झाल्यावर मी ती पावडर मारायला टांगली तेव्हाही बघितलं नाही, कारण तेव्हा मी मोबाईल स्टँडवर लावून स्वतःचा व्हिडिओ काढत होतो. गन धरलेला हात चांगला दिसावा म्हणून बाही दुमडली होती.

चाकं भाजून निघाली तेव्हा काही भोकांत बुचं होती, बरीचशी भोकं मोकळी. मला वाटलं, भाजल्यावर आपोआप सुटून पडतात. म्हणजे माझी युक्ती मला वाटली होती त्याहूनही भारी निघाली. उरलेली पाच मी स्क्रू-ड्रायव्हरनं उडवली आणि चाकं चाचांकडे नेली. त्यांनी टायर चढवले, तोल साधला, आणि चाक गाडीला लावताना आत बोट घालून म्हणाले, "भोकात रंग हाय रे."

मी त्या वेळी झालेल्या व्हिडिओला गाणं शोधत होतो. मान वर न करता म्हणालो, "पॅटर्न आहे चाचा. आता असंच असतं."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "असंल बाबा," आणि नट आवळले.

संध्याकाळी भावोजी आले. चाकं खरंच सुंदर झाली होती, काळी, खोल, भांग पाडल्यासारखी. भावोजींनी चाकाच्या काडीवर बोट फिरवलं आणि चक्क म्हणाले, "बरं झालंय." त्यांच्या तोंडून हे ऐकायला ताईला लग्नानंतर अकरा वर्षं लागली होती. मी शेडच्या दाराशी उभा राहून गाडी वडखळच्या दिशेनं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी झाडायला घेतली. भट्टीच्या तळाशी बुचं पडली होती. मी एक उचललं. राखाडी. दुसरं उचललं, तेही राखाडी. सगळी उचलली. अकराच्या अकरा सगळीकडून स्वच्छ राखाडी, जशी वळली होती तशी. मग मी कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि आदल्या दिवशी उडवलेली पाच शोधून काढली. त्या पाचांची डोकी काळी होती.

ज्याच्या तोंडावर रंग नाही ते बूच रंग मारताना जाग्यावर नव्हतं. इतकी सोपी गोष्ट समजायला मी बुचं फळीवर ओळीनं मांडली, पाच एकीकडे, अकरा दुसरीकडे, आणि फळीसमोर उभा राहिलो. मग फिरायला लागलो. फळीपासून दारापर्यंत, दारापासून फळीपर्यंत. चाचा आपल्या दुकानातून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, काय हरवलं काय. मी म्हणालो, पॅटर्न चुकला. त्यांनी पुढे विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

गाडी उद्या सकाळी पुण्याला निघणार होती. फोन करायचा, सांगायचं, संपलं. शहाण्या माणसानं हेच केलं असतं. मी भावोजींचा नंबर काढला आणि पहिलीतलं पोर माझ्या डोळ्यांसमोर येऊन उभं राहिलं. तशीही त्यांची पहिली शिफ्ट होती. शिफ्टवर मोबाईल बाहेर कपाटात ठेवावा लागतो. हे आठवल्यावर मला लाज वाटावी इतकं हायसं वाटलं. मग ताईला लावला. ती म्हणाली, अरे, चाकं काय झालीत, सकाळपासून अर्धी आळी बघून गेली, आता ठेव, साखरेचा पाक उतू जातोय. मी "ताई, गाडी" एवढंच बोललो होतो.

मी चाकाचा पाना पिशवीत टाकला, शेडला कुलूप लावलं आणि मोटारसायकल काढली.

त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी तो संपेना. गडब गावापाशी एक डंपर रस्त्यात आडवा होऊन मागेपुढे करत होता. मी गाडी बंद केली, परत चालू केली, उतरलो, परत बसलो. बाजूच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, शेठ, पोट बिघडलंय काय, मागं सोय हाय. नागोठणे सोडून रोह्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा चाकांना हात लावण्यासाठी थापांची यादी तयार झाली होती. चाकांचा फोटो जाहिरातीसाठी हवा, ही एक. हवेच्या नळीला नवी टोपणं आमच्याकडून भेट, ही दुसरी. तिसरी सांगण्यासारखी नाही, तीत एक भटजी होता. भिसे खिंडीत वळणं आली आणि प्रत्येक वळणाला मला भावोजींची गाडी दिसत होती, ताम्हिणीतली, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काही नाही अशा वळणावरची. मागच्या सीटवर भाची. मी वेग वाढवला, मग वाटलं, आपणच मेलो तर नट कोण आवळणार, म्हणून कमी केला.

रोह्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गाडी अंगणात होती. भावोजी कंपनीच्या बसनं गेले होते. ताई स्वयंपाकघरात, बाहेर कुणी नाही. माझं नशीब बघून माझाच विश्वास बसेना. मी पाना काढला आणि पुढच्या चाकापाशी बसलो.

पहिला नट अर्धा फेरा फिरला.

पेण ते रोहा एवढाच काय तो प्रवास झाला होता त्या चाकांचा. मी हात थांबवला. पाना तसाच नटावर ठेवून इकडेतिकडे बघितलं, जणू दुसऱ्याच कुणी तो नट ढिला केला होता. मग दुसरा घेतला. तोही फिरला. नटाच्या कडेनं बारीक काळी पापडी सुटली आणि माझ्या तळहातावर पडली. मी एकामागून एक सगळे आवळले, चारही चाकांचे, अंगात होता तेवढा जोर लावून. घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

"चाकं काढून नेतोस काय रं?"

ओटीवर ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. केव्हापासून, देव जाणे. समोर सुपात तांदूळ, डोळे माझ्यावर. मी त्यांना मावशी म्हणतो. म्हणालो, मावशी, आमच्याकडे रंगवलेल्या चाकाची दुसऱ्या दिवशी घरी येऊन तपासणी करतो. फुकट. त्या म्हणाल्या, पेणहून एवढ्या लांब? मी म्हणालो, सेवा. त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला. ताईनं जेवून जा म्हटलं. मी नको म्हटलं, भट्टी चालू आहे म्हटलं. भट्टीला कुलूप होतं.

काम झालं होतं. नट घट्ट होते. मी परत निघालो आणि नागोठण्यापर्यंत स्वतःला हेच सांगत आलो. तिथे उसाचा रस घ्यायला थांबलो. पैसे काढायला खिशात हात घातला तर बोटांना ती काळी पापडी लागली. कधी खिशात टाकली होती आठवत नाही. रसवाल्यानं ग्लास समोर ठेवला. मी पापडी ग्लासाशेजारी ठेवली.

नट आवळले होते, पण कशावर? त्याच रंगावर. चाळीस-पन्नास किलोमीटरला अर्धा फेरा, तर पुण्यापर्यंत किती, आणि त्यात घाट. आवळल्यानं थर गेला नव्हता. पहिल्यांदा मी चुकलो होतो. आता मी माहीत असून पान्यानं त्यावर झाकण घातलं होतं.

याच्यानंतर माणसानं तडक गाडी वळवावी. मी काय केलं ते लिहायला हात जड होतोय. मी व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं. काळ्या चाकाचा फोटो, आणि खाली: "आमच्या सर्व ग्राहकांना नम्र सूचना. नवीन कोटिंगनंतर प्रवासात दर पन्नास किलोमीटरला नट तपासून घ्यावेत. आपली सुरक्षा, आमची जबाबदारी." म्हणजे भावोजी शिफ्टवरून सुटणार, मोबाईल हातात घेणार, माझं स्टेटस बघणार आणि सावध होणार. मला सांगावंही लागणार नाही आणि सांगितल्यासारखंही होईल. रस संपेपर्यंत मी दर मिनिटाला कुणी कुणी बघितलं ते बघत होतो. एका जुन्या गिऱ्हाइकानं बघितलं. ज्याचं काम मी घेतलं नव्हतं अशा एकानं बघितलं. मग ताईनं बघितलं, आणि तिचा निरोप आला: "खूप छान लिहितोस. ह्यांना म्हटलं होतं ना मी, माझा भाऊ किती काळजी घेतो."

मी ग्लास ठेवला. तिथून वळलो ते रोह्याच्या अंगणात येऊनच थांबलो.

भावोजी नुकतेच आले होते, बूट काढत होते. मी मोटारसायकल नीट लावलीही नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. शाडू, भट्टी, अकरा बुचं, चाचा, पॅटर्न. दुपारची तपासणीही सांगितली. स्टेटस तेवढं नाही सांगितलं, त्याला अजून तोंड फुटत नव्हतं. ताई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात झारा होता.

भावोजींनी एकच विचारलं. "दुपारी आवळलेस तेव्हा किती फिरले?"

"अर्धा. काही अर्ध्याहून जास्त."

त्यांनी काढलेला बूट परत पायात घातला. घरात गेले आणि बाहेर आले ते जॅक, लाकडाचे ठोकळे, गोल कानस, पॉलिश पेपर आणि कपड्यात गुंडाळलेला टॉर्क पाना घेऊन. किती जोर लागला ते दाखवणारा पाना, जो लोकांच्या घरी नसतो. मग एक गॉगल आणि एक पिवळं हेल्मेट माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, भावोजी, अंगणात हेल्मेट कशाला, शेजारी बघतायत. त्यांनी ते तसंच धरून ठेवलं. मी घातलं.

पहिलं चाक उतरवलं आणि त्यांनी ते पालथं करून उजेडाकडे धरलं. वाट्या काळ्या होत्या, आणि नट टेकतो तिथे रंग फुटून बांगडीसारखा गोल उठला होता. मला वाटत होतं आता बोलतील. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, त्यातली निम्मी चाचांवर ढकलणारी होती. त्यांनी चाक माझ्या मांडीवर दिलं, कानस हातात दिली, आणि आत बोट लावून दाखवलं, इथून इथपर्यंत, धातू दिसला पाहिजे, पण धातू खायचा नाही.

अकरा वाट्या. बसून. मातीवर मांडी घालून, एका जागी, पिवळं हेल्मेट घालून. कानस जोरात चालवली तर धातू जाणार, हळू चालवली तर रंग हलत नाही. माझं कोटिंग इतकं पक्कं बसलं होतं की मला जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाचा राग आला. दुसऱ्या चाकाला पायाला मुंग्या आल्या. मी उठायला लागलो की भावोजी नुसतं बघायचे आणि मी परत बसायचो. भाची येऊन विचारून गेली, मामा, तू कंपनीत लागलास काय. ताई चहा ठेवून गेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मघाचा कौतुकाचा निरोप तिनं दोघांच्याही फोनवरून पुसून टाकला होता, हे मला नंतर दिसलं.

एकेक चाक तयार झालं की भावोजी ते चढवायचे आणि टॉर्क पान्यानं नट आवळायचे. पाना टक् करून वाजला की पुढचा. शेवटी त्यांनी कंपनीतला पिवळा मार्कर माझ्याकडे दिला. प्रत्येक नटावरून निघून चाकावर उतरणारी एक सरळ रेघ काढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ मोडते, लांबूनही कळतं. आमच्या खात्यात असंच करतात, म्हणाले. माझ्या काळ्याभोर चाकांवर मी सोळा पिवळ्या रेघा काढल्या, श्वास धरून, एकही वाकडी नाही. वडिलांनी बघितल्या असत्या तर त्यांना खरं वाटलं नसतं. मावशी ओटीवरून म्हणाल्या, चाकांना हळद लागली.

ऊन कलंडलं होतं. भावोजींनी हत्यारं पुसली, एकेक जागच्या जागी ठेवलं, हात धुतले. मग चारही चाकांना एक फेरी मारून माझ्यापाशी आले. मी हेल्मेट काढून हातात धरलं होतं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, चढलेला नाही की पडलेला नाही.

"आता ठीक आहे. पण पन्नास किलोमीटरला एकदा थांबून बघायचं, आणि घाट लागायच्या आधी एकदा. ते काम तुझं. गाडीत एक जागा आहे. आज इथंच राहा, सकाळी पुढं माझ्या बाजूला बस."

मी गाडीकडे बघितलं. रेघा सरळ होत्या. पाना सोळा वेळा वाजलेला मी कानानं ऐकला होता. तरी मी काय बोलतोय ते कळायच्या आत बोलून गेलो, की भावोजी, तसं नाही, पण उद्या शेडवर एक माणूस येणार आहे, आणि मला घाटात गाडी लागते, आणि तुम्ही पुढे व्हा, मी मागून एसटीनं येतो.

मावशींनी सूप बाजूला ठेवलं.

"सोताच्या चाकांवर बसायला तुझी फाटते," त्या म्हणाल्या, "नि आमाला माणसं समजून बसवत हुतास, का गोणी समजून?"